ट्रेलरच्या फळ्या बदलायच्या आहेत? आधी त्यांच्याखालचे आडवे चॅनल बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विट्याजवळ तुमचा २० बाय ८ फुटांचा सपाट ट्रेलर आहे, ट्रॅक्टरमागं चालतो. रोटाव्हेटर, नांगर, ठिबकची बंडलं, खताची पोती वाहता आणि मधूनमधून ओळखीच्याचा मिनी पोकलेन. तळाच्या फळ्या कुजल्यात, परवा पोकलेन चढवताना एक फळी मोडून पट्टा खाली गेला. वेल्डर म्हणतो, लाकडाचा नाद सोडा, चेकर प्लेट (वर उंचवट्यांची नक्षी असलेला जाड लोखंडी पत्रा) मारतो. वडील म्हणतात, सागवान टाकलं की बघायला नको. आणि तुम्ही विचारताय की कुठलं लाकूड, किती जाड, आणि जळकं ऑइल पाजायचं का.

सांगली भागात ट्रक-ट्रॉलीच्या बॉडीची कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो. तुमच्या प्रश्नांची उत्तरं पुढं आहेतच, पण आधी एक काम करा. मोडलेली फळी उपटून उलटी करा आणि ती नेमकी कुठं कुजलीय ते बघा. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक ट्रेलरची फळी दोन आडव्यांच्या, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या लोखंडी चॅनलच्या, मध्ये ठोकली तर टणटण वाजते. जिथं ती आडव्या चॅनलवर टेकते, जिथं दोन फळ्यांची टोकं एकमेकांना भिडतात आणि जिथं बोल्ट आरपार जातो, तिथं मात्र पेचकस सहज आत जातो. तुमचंही तसंच असेल तर नुसतं भारी लाकूड आणून भागणार नाही. लाकडात ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर त्याला बुरशीची कुज लागत नाही. उघड्या पृष्ठभागावर पडलेला पाऊस दोन दिवसांच्या उन्हात उडून जातो. फळी आणि चॅनलच्या मधल्या कागदाएवढ्या फटीत शिरलेलं पाणी मात्र आठवडाभर तिथंच राहतं, त्यात माती, खत, काडीकचरा साठतो, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत ती जागा कोरडी होतच नाही. ते पाणी तिथून काढायचं कसं, यावर नवा तळ किती वर्षं टिकेल हे ठरतं. लाकडाची जात त्यानंतर.

म्हणून पहिला खर्च लोखंडावर. सगळ्या फळ्या काढल्याशिवाय आडव्यांची खरी अवस्था कळत नाही, आणि कुजक्या तेवढ्या चार फळ्या बदलून काम उरकणारे इथंच फसतात. फळ्या काढल्यावर प्रत्येक आडव्याच्या वरच्या बाजूला हातोडीनं ठोकून बघा. पापुद्रे उडून खाली स्वच्छ धातू लागला तर ठीक. हातोडीचं टोक रुतलं किंवा कड वाकली तर तो आडवा बदलायचा. त्यावर पट्टी मारून झाकायचं नाही. पट्टीच्या खाली परत पाणी बसतं आणि गंज आत चालू राहतो. खताची पोती वाहिलेल्या ट्रेलरमध्ये हे जास्तच दिसतं. सांडलेला युरिया-पोटॅश हवेतली ओल ओढून घेतो आणि लोखंड खातो. २०१९ च्या महापुरात जे ट्रेलर बुडाले होते, त्यांच्या चॅनलच्या पोटात बारीक गाळ बसला होता. वरून धुऊन तो निघालाच नाही आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत आतून काम करत राहिला. तुमचा ट्रेलर पुरात नव्हता, पण सेकंडहँड घेतला असेल तर चॅनलच्या आत हात घालून बघाच.

आडव्यांमधलं अंतर आत्ताच टेपनं मोजून लिहून ठेवा, पुढं लागणार आहे. आणखी एक बघायचं म्हणजे साईडच्या चॅनलची उंची. पुष्कळ ट्रेलरमध्ये साईड चॅनलचा काठ फळीच्या अर्धा-पाऊण इंच वर येतो. दिसायला छान दिसतं, पण त्यानं तळाचं ताट होतं आणि पाणी अडतं. नवी फळी काठाच्या बरोबरीला किंवा एक-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर येईल अशी बसवायची. ते जमत नसेल तर काठाला दर दोन-तीन फुटांवर निचऱ्याची भोकं पाडा. ही भोकं फक्त साईडच्या चॅनलला. जे दोन मुख्य उभे बीम सगळा भार घेतात, त्यांच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोक पाडायचं नाही आणि आडवं वेल्डिंगही मारायचं नाही. तडा तिथूनच सुरू होतो.

लोखंड घासून झालं की ग्रीसचा अंश पुसून काढा, मग प्रायमर. रेड ऑक्साइड सगळीकडं मिळतं आणि चालतं. पैसे असतील तर आडव्यांच्या वरच्या बाजूला तरी इपॉक्सी किंवा झिंकवालं प्रायमर मारा, कारण ती बाजू परत कधी दिसणार नाही. त्यावर रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावर जिथं फळी टेकणार तिथं डांबराची चिकट पट्टी, चॅनलच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडं अर्धा इंच जास्त, कडा खाली दुमडून. स्लॅबच्या गळतीला वापरतात ती पट्टी चालते. बरेच मिस्त्री जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घालतात. त्यालाही हरकत नाही, पण ती चॅनलपेक्षा अरुंद कापली की तिच्या कडेला पाणी धरून ठेवते आणि फायद्याऐवजी तोटा करते. दुमडलेली कड पाणी खाली सोडते, म्हणून रुंद कापायची.

आता तुमच्या वेल्डरचं म्हणणं. चेकर प्लेट वाईट नाही. तुम्ही मुरूम, खडी, साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) असलं काही वाहत असता आणि फावड्यानं किंवा लोडरच्या बकेटनं ओढून काढत असता, तर मीच तुम्हाला प्लेट सांगितली असती. ओलं प्रेसमड लाकडावर महिनाभर पडून राहिलं तर कुठलंच लाकूड टिकत नाही. पण तुमचा माल तसा नाही. पोकलेनचा पट्टा ओल्या प्लेटवर घसरतो, त्यात चिखल असला तर चढवणाऱ्याच्या जिवाला घोर. लाकडावर पकड मिळते. दोरी-साखळीनं बांधलेलं अवजार लाकडावर जागचं हलत नाही. दुसरं वजन. २० बाय ८ म्हणजे १६० चौरस फूट. पाच मिलिमीटर प्लेटचं वजन सहाशे किलोच्या आसपास जातं. साल नावाच्या झाडाच्या दीड इंची फळ्या साडेचारशे ते पाचशे किलोत बसतात. तिसरं म्हणजे दुरुस्ती. एक फळी मोडली तर एका दुपारी ती बदलून होते. प्लेट दोन आडव्यांच्या मध्ये एकदा खोलगट झाली की त्या खळग्यात पाणी साठतं, ती सरळ होत नाही. तीन मिलिमीटरची प्लेट स्वस्त आणि हलकी पडते म्हणून कुणी सुचवेल, पण यंत्र चढवणाऱ्या ट्रेलरला ती नको.

एक गोष्ट मात्र करूच नका. जुन्या फळ्या तशाच ठेवून वरून पत्रा ठोकायचा, हा उपाय मी गावोगावी बघतो. खर्च कमी, वरून चकाचक. पत्र्याखाली ओल कोंडते, लाकूड दिसेनासं होतं, आणि एक दिवस पत्र्यासकट चाक खाली. त्यापेक्षा मोडकी फळी उघडी बरी, निदान दिसते तरी.

सागवानाबद्दल वडिलांचं बरोबर आहे, पण अर्धं. सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं. कुज आणि वाळवी त्याला सहजी लागत नाही, आणि पाण्या-उन्हात ते इतर लाकडांपेक्षा कमी हलतं. दाराच्या चौकटीला त्याच्यासारखं लाकूड नाही. पण हे सगळं गाभ्याचं. सालीकडचा पांढरा भाग कुठल्याही सामान्य लाकडासारखा कुजतो आणि हल्ली बाजारात येणाऱ्या कोवळ्या लागवडीच्या सागात पांढरं भरपूर असतं. शिवाय साग सालापेक्षा मऊ. पोकलेनच्या पट्ट्यानं आणि नांगराच्या फाळानं तो लवकर झिजतो. एवढे पैसे घालून झीज विकत घ्यायची असं मला वाटतं. घरचा जुना, मुरलेला साग पडून असेल तर वापरा. विकत आणू नका.

माझी पहिली पसंती साल. जड, चिवट, त्याचा गाभा टिकाऊ, आणि रेल्वेनं एकेकाळी रुळांखालचे स्लीपर ज्या लाकडांचे केले त्यात साल पुढं होता. सांगलीच्या टिंबर एरियात किंवा कराडच्या वखारीत 'मलेशियन साल' नावानं जे मिळतं ते आपल्या सालाच्या नात्यातलं असलं तरी तेच झाड नव्हे, आणि त्या नावाखाली येणारा माल सगळा एकसारखाही नसतो. फळी उचलून बघा, वजनदार लागली, रेषा दाट आणि सरळ असल्या, गाठी मोठ्या नसल्या तर घ्यायला हरकत नाही. सह्याद्रीच्या बाजूचा किंजळ मिळाला तर तोही उत्तम. ऐनाचं लाकूड ताकदीला चांगलं, पण वाळताना भेगा फार पडतात, त्यामुळं पूर्ण वाळलेलंच घ्यायचं. बाभळीवर आपल्या भागात लोकांचा जीव आहे. बैलगाडीची चाकं, कुळवाचा दांडा सगळं बाभळीचं, आणि चिवटपणात ती कमी नाहीच. अडचण एवढीच की बाभळीचा बुंधा वाकडा आणि आखूड. दहा फूट सरळ फळी त्यातून निघणं मुश्कील. तिच्या पांढऱ्या भागाला भुंगा पटकन लागतो, भुसा पडायला लागला की समजायचं. चाकाखाली लावायचे ठोकळे, चढणीच्या फळीचे तुकडे यासाठी बाभूळ ठेवा. निलगिरी स्वस्तात मिळते, पण वाळताना तिला असा पीळ पडतो की बोल्टही तिला धरून ठेवत नाही.

प्लायबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. सेंट्रिंगचं प्लाय उघड्या ट्रेलरला चालत नाही, त्याच्या कडा पाणी पितात आणि थर सुटतात. मालवाहू कंटेनरच्या तळाला २८ मिलिमीटरचं एकोणीस थरांचं प्लाय असतं, ते वेगळ्या दर्जाचं असतं आणि वरून छतही असतं.

वाई-साताऱ्याकडचे जुने वाडे उतरवताना निघालेल्या तुळयांच्या फळ्या काढून घेण्याचा विचारही लोक करतात. लाकूड बहुधा सोन्यासारखं असतं. फक्त सॉ मिलवाल्याला आधी सांगा आणि खिळे शोधून काढा, नाहीतर त्याच्या पट्ट्याचे दात जातील आणि तुमची ओळखही.

जाडीचं उत्तर परिस्थितीवर आहे, आणि ती परिस्थिती म्हणजे मघाशी मोजलेलं अंतर. फळीची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गानं, म्हणजे जाडी गुणिले जाडी अशी, वाढते. दीड इंचाऐवजी दोन इंच घेतली तर लाकूड एक तृतीयांश जास्त लागतं, ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते. दुसरीकडं, आडव्यांमधलं अंतर निम्मं केलं तर त्याच वजनाखाली फळीवर येणारा ताण निम्मा होतो. तुमच्या आडव्यांमध्ये सोळा इंचांच्या आसपास अंतर असेल तर तुमच्या कामाला दीड इंच तयार जाडी पुरते. रबरी पट्ट्याचा मिनी पोकलेन आपलं वजन बऱ्यापैकी पसरून टाकतो. अंतर चोवीस इंच असेल तर दोन इंची लाकूड घेण्याआधी मध्ये एकेक आडवा वाढवायचा खर्च काढून बघा, बहुतेक वेळा तो कमी निघतो आणि ट्रेलरही ताठ होतो. उद्या जेसीबी वाहायचा विचार असेल तर गोष्ट बदलली. साडेसात टनांच्या आसपासचं यंत्र, त्याचा मोठा वाटा मागच्या दोन चाकांवर. त्याला सोळा इंचांवर आडवे आणि वर दोन इंची फळी, दोन्ही हवं. आणि मुळात तुमच्या ट्रेलरचे एक्सल, टायर, ब्रेक आणि कागदावरची वजनाची मर्यादा तेवढी आहे का, हे आधी.

तुमची फळी कुठं मोडली ते तुम्ही लिहिलं नाही, पण शेवटच्या दोन फुटांत मोडली असेल असं मी धरून चालतो. पोकलेन उताराच्या फळीवरून वर येताना एका क्षणी सगळा भार मागच्या काठावर टेकतो आणि मग यंत्र धाडकन आडवं होतं. पट्टा रबरी असो की लोखंडी, त्या क्षणी वजन पसरलेलं नसतं. म्हणून मागच्या दोन फुटांत एक-दोन आडवे जादा टाका. मागच्या काठाला फळ्यांची टोकं उघडी न ठेवता वरून अँगल किंवा सहा मिलिमीटरची पट्टी बोल्टनं बसवा, म्हणजे पट्टा फळीच्या टोकाला खाणार नाही. त्या पट्टीखालीही डांबर लावायला विसरू नका.

वखारीत जाताना हिशेब असा करा: लांबी फुटांत गुणिले रुंदी फुटांत गुणिले जाडी इंचांत, भागिले बारा. २० गुणिले ८ गुणिले दीड, भागिले १२, म्हणजे २० घनफूट. कापणी आणि तुटीसाठी दहा टक्के वर धरा, २२ झाले. दोन इंची घेतलीत तर तेच २७ आणि वर तूट. भाव लिहीत नाही, तो महिन्याला बदलतो. पण एक विचारून घ्या, दीड इंच म्हणजे रंधा मारण्याआधी की नंतर. आधीची दीड इंच रंधून सव्वावर येते, आणि वर्गाचा हिशेब लावला तर तीस टक्के ताकद तिथंच जाते. वरच्या बाजूला रंधा मारायची गरजही नाही, खडबडीत राहिली तर पकडच मिळते. पक्की पावती घ्या.

रुंदी सहा ते आठ इंच ठेवा. त्यापेक्षा रुंद फळी वाळताना जास्त वाकते. अखंड वीस फुटांची फळी मिळाली तर भाग्य, नाहीतर जोड द्यावे लागतात. जोड नेहमी आडव्याच्या बरोबर वर यायला हवा, आणि शेजारच्या फळीचा जोड वेगळ्या आडव्यावर. सगळे जोड एका ओळीत आले तर ट्रेलरला तिथं बिजागरी बसवल्यासारखं होतं. दोन्ही टोकांना दीड-दोन इंच टेकायला जागा मिळायला हवी. चॅनलची रुंदी तेवढी नसेल तर शेजारी एक अँगल वेल्ड करून जागा वाढवा. आणि जोडाची टोकं बसवण्याआधी रंगात किंवा डांबरात बुडवून काढा. फळी आपल्या अंगातून जेवढं पाणी पिते त्याच्या कितीतरी पट जास्त ती टोकातून ओढते, कारण झाडाच्या नळ्या तिथं उघड्या असतात. वीस फुटांच्या कामात हा तासाभराचा उद्योग आहे आणि नेमका तोच टाळला जातो.

फळीची कुठली बाजू वर, यावर मिस्त्री लोकांत वाद आहेत. टोकाकडून बघितलं की वर्तुळाच्या कमानी दिसतात. वाळताना फळी त्या कमानींच्या उलट वाकते. कमानीचा फुगा वर, म्हणजे गाभ्याची बाजू खाली ठेवलीत तर वाळल्यावर दोन्ही कडा वर उचलतात आणि फळीची पन्हळ होऊन पाणी धरते. म्हणून मी गाभ्याची बाजू वर ठेवतो. फळी मध्ये किंचित फुगते, पाणी दोन्हीकडच्या फटीत उतरतं. विरुद्ध मत असणाऱ्यांचं म्हणणं असतं की गाभ्याकडच्या बाजूचे पापुद्रे सुटतात. मऊ लाकडात ते खरं आहे, सालात मला फारसं दिसलं नाही.

फट किती ठेवायची हे लाकूड ओलं की कोरडं त्यावर. वखारीतून ताजी कापून आणलेली आठ इंची फळी पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन सूत आकसते. ती एकमेकींना चिकटवून बसवायची, फट आपोआप पडेल. वाळलेली फळी मात्र पावसाळ्यात फुगते. तिला जागा दिली नाही तर अख्खा तळ मध्ये वर उचलला जातो, बोल्टची डोकी लाकडात घुसतात, कधी साईड चॅनल बाहेर ढकललं जातं. तिला एक ते दीड सूत फट. बारा फळ्यांमध्ये अकरा फटी म्हणजे जवळजवळ दीड ते दोन इंच, तेवढी शेवटची फळी उभी कापावी लागेल, हे आधीच धरा. ओलं की कोरडं हे मीटरशिवायही कळतं. फळीचा वीतभर तुकडा कापा, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा, सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला परत वजन करा. कमी होतंय तोवर ओल आहे. शक्य असेल तर फळ्या आत्ता घेऊन, मध्ये इंचभराच्या पट्ट्या देऊन, टोकांना रंग लावून शेडमध्ये थप्पी मारा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. तुम्ही विट्याला आहात म्हणून हे जमेल. हेच पाटण-कोयनेकडच्या माणसाला सांगितलं असतं तर तो हसला असता. महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तुमच्या शेजारच्या आटपाडीला पाचशेच्या आसपास. तिकडच्या ट्रेलरला निचरा दुप्पट लागतो. तुमच्याकडं ऊनच जास्त छळणार, म्हणजे भेगा आणि ढिले बोल्ट.

बोल्ट म्हणजे दहा मिलिमीटरचे, गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे, गॅल्व्हनाइज्ड. खाली मोठा वायसर आणि नायलॉनवाला नट. फळीच्या दोन्ही टोकांना आणि जोडाला दोन-दोन, मधल्या आडव्यांवर एकेक, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं. सोळा इंचांवर आडवे असतील तर अडीचशेच्या घरात बोल्ट लागतात. भोक आधी ड्रिलनं पाडा, बोल्टपेक्षा एक मिलिमीटर मोठं. सालात तसाच ठोकला तर फळी चिरते. डोकं पृष्ठभागाच्या एक सूत खाली जाईल एवढी वाटी करा आणि ती डांबरानं भरा. वाटी खोल केली तर तिचं तळं होतं, आणि उथळ ठेवली तर फळी झिजल्यावर डोकं वर येऊन पोती फाडतं. मुख्य बीमच्या वर जिथं नटाला हात पोचत नाही तिथं बीमला भोक न पाडता खालून क्लॅम्प लावा किंवा तो आडवा सोडून पुढच्यावर बोल्ट घ्या. हल्ली थेट लोखंडात घुसणारे स्क्रू मिळतात, काम झटपट होतं. पातळ चॅनलला ते पुरेसे धरत नाहीत आणि लाकूड हलायला लागलं की मान तुटते, असा माझा अनुभव. पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळे नट एकदा आवळा. लाकूड आकसलेलं असतं, अर्धा-पाऊण फेरा सहज जातो.

जळकं ऑइल. आपल्याकडं हे इतकं रुळलंय की नको म्हटलं की लोक बघत राहतात. ते वाळत नाही, हा त्याचा मुख्य दोष. धूळ धरतं, निसरडं होतं, वर ठेवलेल्या पोत्याला डाग पडतो. तुमच्या ट्रेलरवर उद्या हळदीची किंवा बेदाण्याची पोती चढली तर व्यापारी माल परत पाठवेल आणि त्याचं चुकणार नाही, कारण त्या ऑइलमध्ये इंजिनातली धातूची झीज आणि जळलेले विषारी अंश असतात. पावसानं ते तुमच्याच रानात उतरतं. त्याऐवजी शिजवलेलं जवसाचं तेल, हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड नावानं मिळतं. पहिला हात टर्पेंटाइन अर्धं-अर्धं मिसळून, म्हणजे आत शिरतं. दोन दिवसांनी दुसरा हात जवळजवळ निखळ, आणि न शोषलेलं तेल अर्ध्या तासात पुसून काढायचं. फळीच्या सहाही बाजूंना, बसवण्याआधी. दरवर्षी पावसाळ्याआधी वरून एक हात. या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा उन्हात पसरून वाळवा. एनॅमल रंगाचा जाड थर वरच्या बाजूला नको, तो चिरतो आणि चिरेतून गेलेलं पाणी आतच ठेवतो.

तुमच्या भागात द्राक्षबागा आहेत, त्यामुळं कुणीतरी मोरचूद (कॉपर सल्फेट) लावायला सांगेल. तांबं बुरशीला मारतं हे खरं, कारखान्यात दाबानं लाकडात भरतात त्या मसाल्यातही तांबं असतं. पण घरी विरघळवून लावलेलं मोरचूद पहिल्या दोन पावसांत धुऊन जातं, आणि जाता जाता बोल्ट आणि चॅनलचं लोखंड खातं. पितळी पंपात ढवळता ते लोखंडी बादलीत का ढवळत नाही, हे बागवाल्याला विचारा. तसं प्रक्रिया केलेलं लाकूड तयार मिळालं तर घ्या.

जुन्या फळ्या काढताना गॅस कटर शेवटचा पर्याय ठेवा. वर्षानुवर्षं ऑइल प्यायलेलं लाकूड ठिणगीनं धुमसत राहतं आणि तुम्ही जेवायला गेल्यावर पेट घेतं. ग्राइंडरनं खालून नट उडवा, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि मागच्या दिव्यांची वायर आधी सोडवून बाजूला बांधा. निघालेल्या तेलकट फळ्या चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नका, धूर वाईट असतो.

कागदाचं एक. लाकूड काढून तसंच लाकूड टाकणं ही दुरुस्ती झाली. लांबी-रुंदी वाढवलीत, फाळके बसवलेत किंवा प्लेट टाकून रिकामं वजन बदललंत तर ते आरसी बुकातल्या नोंदीशी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असा बदल परस्पर करता येत नाही. सांगलीच्या आरटीओ कार्यालयात (एमएच-१०) आधी विचारून घ्या. आणि काम चालूच आहे तर मागचे रिफ्लेक्टर आणि चमकपट्टी नवी लावा, गळिताच्या हंगामात रात्री रस्त्यावर काय परिस्थिती असते ते तुम्हाला माहीत आहे.

ट्रेलर उभा करताना पुढची बाजू जॅकवर हातभर उंच ठेवली की पावसाचं पाणी मागं वाहून जातं, ही सवय आजच्या कुजक्या फळ्यांपासूनच लावता येईल. आडव्यांमधलं अंतर, चॅनलचं माप आणि कुजलेल्या जागांचे दोन फोटो टाका, मग तुमच्यासाठी दीड की दोन इंच ते नक्की सांगतो. तोवर वखारीत आगाऊ रक्कम देऊ नका.